तीन दिवस नकोत म्हणून पाच दिवस?

पत्र: "वय ३१, एम.कॉम., राहणार धायरी. खराडीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. २०२० पासून घरूनच काम चालू होतं. आता आठवड्यातले ३ दिवस ऑफिसला यायलाच हवं म्हणतात. मुलगा ४ वर्षांचा आहे. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, दुपारी त्यांच्याजवळ कुणीतरी लागतं. मिस्टर चाकणला, शिफ्टमध्ये. मला घरून करता येईल अशी सरकारी नोकरी हवी आहे, पगार कमी असला तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर 'केंद्र सरकार डेटा एंट्री, घरबसल्या २८ हजार' अशी जाहिरात आलीय. नोंदणी २,५०० रुपये. भरू का? आणि मराठी टायपिंगचा क्लास लावावा का? इंग्रजी तर मला कॉम्प्युटरवर येतंच." – एक वाचक, धायरी

ताई,

२,५०० रुपये भरू नका, एवढं एक वाक्य तुम्हाला त्याच दिवशी मेलवर कळवलं होतं. बाकीचं आता सविस्तर लिहिते.

आधी त्या जाहिरातीचं. सरकारी भरतीत परीक्षा शुल्क असतं, नाही असं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं. पण ते शुल्क अर्जासोबत, अधिकृत संकेतस्थळावर भरायचं असतं आणि त्यातून मिळते ती फक्त परीक्षेला बसायची संधी. नोकरी आधी देऊन 'नोंदणी', 'किट', 'लॅपटॉप डिपॉझिट' मागणारं सरकारी खातं अजून जन्माला यायचंय. खऱ्या जाहिरातीत खात्याचं नाव, पदाचं नाव, वेतनस्तर, जागांचा प्रवर्गनिहाय तक्ता आणि जाहिरात क्रमांक असतो. तुम्ही पाठवलेल्या त्या जाहिरातीवर राजमुद्रा आहे, तिरंगा आहे, पंतप्रधानांचा फोटोही आहे, आणि खाली पैसे पाठवायला कुणाचा तरी खासगी मोबाइल नंबर.

या धंद्याचा पुढचा अंक जास्त वाईट असतो. तुम्हाला हजारभर फॉर्म टाइप करायला देतात. ९० टक्के बिनचूक हवेत म्हणतात, मग चुका त्यांनीच काढायच्या आणि 'करारभंग केलात' म्हणून वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस धाडायची. घरी सासूबाई, लहान मूल, कोर्टाचं नाव ऐकूनच बाई आणखी पाच-दहा हजार भरून मोकळी होते. तुमच्या ओळखीत कुणी यात अडकलं असेल तर त्यांना सांगा, नोटिशीला घाबरून एक पैसाही देऊ नका आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आता मूळ प्रश्न. घरून काम हा ज्याच्या अटी-शर्तींचाच भाग आहे असं नियमित सरकारी पद महाराष्ट्रात नाही. केंद्रातही अशी पदं जाहिरातीत येत नाहीत. करोनाच्या काळात मार्च २०२० नंतर उपस्थितीचे टक्के ठरवून कार्यालयं चालवली गेली. गरोदर आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना सवलती मिळाल्या, बऱ्याच बैठका व्हिडिओवर झाल्या. पण ती आपत्तीची सोय होती. साथ ओसरली तशी बायोमेट्रिक यंत्रं पुन्हा सुरू झाली आणि सगळे आपापल्या टेबलांवर परतले.

याचं कारण माझ्यासारखीला चांगलं माहीत आहे. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे इतरांची सेवापुस्तकं सांभाळण्यात गेली. सेवापुस्तक ही जाड पुठ्ठ्याची वही. माणूस नोकरीला लागल्याच्या दिवसापासून त्याची प्रत्येक रजा, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक बदली तिच्यात चढवायची आणि प्रत्येक नोंदीखाली साहेबांची सही घ्यायची. नस्तीचं, म्हणजे फाइलचं, तसंच. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. लिपिकाने टिपणी मांडायची, अव्वल कारकुनाने किंवा अधीक्षकाने पुढे सारायची, अधिकाऱ्याने मान्य करायची. वाटेत कुणी आमदारांचं पत्र घेऊन येतो, कुणाचा माहिती अधिकाराचा अर्ज येतो, कुणी निवृत्त शिक्षक पेन्शनचा कागद अडला म्हणून समोर येऊन बसतो. आता ई-ऑफिस आलं, बऱ्याच नस्त्या पडद्यावर फिरतात हे खरं. पण समोर येऊन बसणारा माणूस पडद्यावर गेलेला नाही, आणि सरकारी नोकरीतला निम्मा वेळ त्याच्यासाठीच असतो. शिवाय, सरळच सांगते, समोर दिसत नाही तो माणूस काम करत नाही अशी वरिष्ठांची समजूत असते. ती एका शासन निर्णयाने बदलत नाही.

घरून सरकारी नोकरी करणाऱ्या बाईचा जो व्हिडिओ तुम्ही सोबत पाठवला आहे, ती बाई अमेरिकेची आहे. तिथे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरून कामासाठी २०१० साली कायदा झाला आणि त्यांच्या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर 'दूरस्थ' अशी चाळणी लावून पदं शोधता येतात. पण त्या नोकऱ्या बहुतेक करून अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. आणि २० जानेवारी २०२५ ला नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना कार्यालयात परत बोलवायचा आदेश काढला, तेव्हा तिथेही ते सुख पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आपल्याकडे राजस्थान सरकारने महिलांसाठी घरून काम मिळवून देणारी योजना २०२२ मध्ये आणली. तिच्याच बातम्या नाव-गाव काढून मराठी ग्रुपवर फिरतात. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवरही घरून कामाच्या नोकऱ्यांचा वेगळा दुवा केलेला आहे. पोर्टल सरकारचं आहे, पण तिथली घरून करायची कामं प्रामुख्याने खासगी कंपन्यांची असतात. जरूर बघा, पण सरकारी नोकरी समजून बघू नका.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली. कंपनी ३ दिवस बोलावते म्हणून तुम्ही हैराण झाला आहात, आणि त्यावर उपाय म्हणून जी नोकरी शोधताय तिथे ५ दिवस जावं लागेल! राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, पण त्या बदल्यात वेळ वाढवली. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. धायरीहून सरकारी कार्यालयांची सेंट्रल बिल्डिंग गाठायची तर नऊच्या आधी घर सोडायचं, परत यायला साडेसात. दुपारचं कोण बघणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे तिथेच राहतो.

तरीही सरकारी नोकरीचा विचार पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. घरून काम मिळत नसलं तरी बाईमाणसाला उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी तिथे आहेत. एक म्हणजे बालसंगोपन रजा. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सगळ्या सेवेत मिळून ७३० दिवस मिळते, मुलं १८ वर्षांची होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१८ च्या निर्णयाने ही रजा दिली, पण १८० दिवसांची. दहावीच्या परीक्षेला, मुलाच्या आजारपणात तुकड्या-तुकड्याने घेता येते. मात्र ती हक्काने मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते, आणि परिविक्षा काळात सहसा देत नाहीत. म्हणजे नोकरीची पहिली दोन वर्षं, जेव्हा तुमचा मुलगा सर्वांत लहान असेल, तेव्हा तिचा भरवसा धरू नका. सासूबाईंच्या दुखण्याला तर ती लागूच नाही. त्यासाठी अर्जित रजा आणि अर्धवेतनी रजा मोडावी लागते.

दुसरी गोष्ट बदलीची, आणि इथे निवड डोळसपणे करायला हवी. एमपीएससीच्या गट-क संयुक्त परीक्षेतून लिपिक-टंकलेखक झालात तर मूळ वेतन १९,९०० पासून सुरू, आणि नेमणूक राज्यात कुठेही. गडचिरोलीचा आदेश हातात पडला तर काय कराल? पती-पत्नी एकत्रीकरणाच्या नावाने विनंती अर्ज करता येतो, पण मिस्टर खासगी नोकरीत असले की त्या अर्जाला फारसं वजन येत नाही. त्यापेक्षा ज्यांच्या नेमणुकीचा पट्टाच लहान आहे अशा जागा बघा. पुणे महापालिका किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेत लागलात तर शहराबाहेर जायचा प्रश्न नाही. विद्यापीठातल्या जागाही तशाच. जिल्हा परिषद म्हणजे पुणे जिल्हा, पण जुन्नरही पुणे जिल्ह्यातच येतं हे विसरू नका. तुमच्या एम.कॉम.ला साजेसं पद म्हणजे लेखा व कोषागारे विभागातला कनिष्ठ लेखापाल. ती भरती विभागवार होते. पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर.

वयाचं गणित तुमच्या बाजूने आहे, पण सगळीकडे नाही. बँकांच्या सामाईक परीक्षांत लिपिकाला २८ आणि अधिकाऱ्याला ३० ही खुल्या गटाची मर्यादा, तेव्हा ती गाडी तुमच्यासाठी सुटली. राखीव प्रवर्गात असाल तर सवलत बघा. राज्य सरकारात खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. सात वर्षं हातात आहेत असं वाटेल. पण त्याच तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सकाळी सहाला पिशवी ठेवून खुर्ची अडवणारी पोरं-पोरी आहेत, मेसचा डबा खाऊन रात्री अकरापर्यंत बसणारी. त्यांच्यातल्या बहुतेकांना घरी आजारी माणूस सांभाळायचं नसतं. तुम्ही रोज दोन-अडीच तास काढू शकलात तरी खूप झालं. तेवढ्यावर परीक्षा निघते, निघालेलीही पाहिली आहे, पण वेळ लागतो. म्हणून असलेली नोकरी सोडून अभ्यासाला बसायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका.

आता घरून होण्यासारखं आणि थोडाफार सरकारी शिक्का असलेलं काय आहे ते बघू. तुमच्या पत्राला खरं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

पोस्टाची आरडी एजन्सी तुम्हाला माहीत असेल. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असं तिचं लांबलचक नाव आणि ती फक्त बायकांनाच मिळते. जमा केलेल्या रकमेवर ४ टक्के कमिशन. सोसायटीतल्या, ओळखीतल्या शंभर जणांची महिना हजाराची खाती धरली तर महिन्याला एक लाख जमा आणि तुमचे ४,००० रुपये. जमा रकमांची यादी घरी बसून पोर्टलवर करता येते, पैसे गोळा करायला आणि पोस्टात जायला मात्र बाहेर पडावं लागतं. पगाराची जागा ती घेऊ शकणार नाही. एलआयसीची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. दहावी पास महिलांना पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, वर कमिशन. पण ठरलेल्या संख्येने पॉलिसी विकल्या तरच, आणि हीदेखील एजन्सीच आहे, एलआयसीची नोकरी नव्हे. विकायचा स्वभाव असेल तर करा. तुमच्या पत्रावरून मला तो दिसला नाही, राग मानू नका.

तुम्ही मला हिशेबाच्या बाई दिसता. म्हणून तुमच्यासाठी मला सगळ्यांत बरी वाटते ती जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखा पदविका. सहकार खात्यामार्फत दरवर्षी उन्हाळ्यात, मेच्या सुमारास ही परीक्षा होते. सहकार आयुक्तालय पुण्यातच. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. सहा पेपर: हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि व्यवस्थापन, सहकार कायदा, इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था. एम.कॉम.वाल्या माणसाला पहिले दोन घरचेच. सहकार कायद्याचा पेपर मात्र हलका धरू नका. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम कलमवार वाचावा लागतो, आणि नापास होणारे बहुतेक कॉमर्सचेच असतात, 'आपल्याला येतंच' म्हणून.

याचा उपयोग काय? धायरी, नऱ्हे, वडगाव या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत किती सोसायट्या उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज बघताच. प्रत्येक नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेला हिशेब ठेवावे लागतात, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सेक्रेटरी म्हणजे बहुधा निवृत्त गृहस्थ किंवा आयटीतला वेळ नसलेला मुलगा. देखभाल शुल्काची बिलं, थकबाकीवरचं व्याज, सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीचा) वेगळा हिशेब, सभासदांचं रजिस्टर, सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षणातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, हे सगळं त्यांना नको असतं आणि तुम्हाला येतं. हे काम घरून होतं. महिन्यातून एकदा सोसायटीच्या ऑफिसात जाऊन व्हाउचरची फाइल आणायची, एवढंच. सासूबाईंच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडून बसलात तरी चालतं. लेखापरीक्षकांच्या शासकीय नामतालिकेवर, म्हणजे पॅनेलवर, यायचं तर पदविकेखेरीज लेखापरीक्षणाचा अनुभवही लागतो. तोवर एखाद्या प्रमाणित लेखापरीक्षकाच्या किंवा सीएच्या हाताखाली मार्चनंतरचे काम घ्या. एप्रिल ते सप्टेंबर या लोकांना माणसं पुरत नाहीत.

आणि हे सगळं सरकारी नोकरी लागायच्या आत करायचं. एकदा शासकीय सेवेत गेलात की १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात आणि परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. माझ्याकडे अशा तक्रारींच्या नस्त्या यायच्या, बहुतेक शेजारच्या टेबलवाल्यानेच केलेल्या.

कंपनीशीही एकदा नीट बोला. तोंडी नको, मेलवर. सासूबाईंच्या उपचारांचे कागद जोडा आणि वर्षभरासाठी ३ ऐवजी १ दिवस मागा. महिनाअखेर, जीएसटीच्या तारखा, ऑडिटचा आठवडा असे दिवस तुम्ही आपण होऊन येईन म्हणा. अकाउंट्सच्या माणसाची गरज कधी असते हे ऑफिसलाही माहीत असतं, आणि नेमके दिवस सांगितले की 'नाही' म्हणणं अवघड जातं. नाहीच म्हणाले तर निदान खराडीऐवजी जवळचं एखादं ऑफिस आहे का ते विचारा.

एक विचारू का? पत्रात मिस्टरांचा उल्लेख फक्त ते चाकणला शिफ्टमध्ये असतात एवढाच आला आहे. आजारी आई त्यांची आहे. त्यांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारी ते घरीच असतात ना? मग शिफ्टचा महिन्याचा तक्ता आणि तुमचे ऑफिसचे दिवस शेजारी-शेजारी ठेवून बघा. नणंद-दीर असतील तर त्यांनाही त्या तक्त्यात घ्या, किंवा दुपारच्या मावशींचा खर्च वाटून घ्यायला सांगा. धायरीत चार-पाच तासांसाठी रुग्ण सांभाळणाऱ्या मावशी मिळतात. तुमच्या पगाराच्या मानाने तो खर्च तुम्हाला जड वाटत असेल, पण नोकरी सोडण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. हे बोलणं तुम्ही एकटीने करायचं नाही, मिस्टरांनी त्यांच्या भावंडांशी करायचं.

टायपिंगचा क्लास लावा, आणि याच महिन्यात लावा. तुम्हाला इंग्रजी टाइप करता येतं हे पुरेसं नाही, प्रमाणपत्र लागतं. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा पुण्यातली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी ४०. कनिष्ठ लेखापाल असो की लिपिक, अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी ते हातात असावं लागतं आणि परीक्षा मनात येईल तेव्हा होत नाही. दोन्ही भाषांचं करा, पण आधी मराठी. क्लास शासनमान्य संस्थेचाच घ्या, कारण परीक्षेचा अर्ज त्यांच्यामार्फत जातो. संध्याकाळची सातनंतरची बॅच मिळते का बघा, तेव्हा मिस्टर घरी असतील तर मुलगाही त्यांच्याकडे राहील.